एकात एक डिरेक्टऱ्यांची स्वयंचलित उभारणी : मधल्या पातळ्यांच्या मालकीचा प्रश्न

बीजसंज्ञा : डिरेक्टरी, संरचना-व्यवस्थापन साधने, आयडम्पोटन्स, परवानगी, पपेट, शेफ, अन्सिबल, देवनागरी नामकरण

प्रस्तावना

महाविद्यालयांतील अध्यापन, परीक्षा आणि कार्यालयीन कामकाज यांची कागदपत्रे आता मोठ्या प्रमाणावर सामाईक सर्व्हरवर ठेवली जातात. कागद ठेवण्यासाठी जशी कपाटे, कप्पे आणि फायली, तशी संगणकावर एकात एक बसवलेल्या डिरेक्टऱ्यांची, म्हणजेच नेहमीच्या भाषेत फोल्डरांची, रचना असते. ही रचना हाताने उभी करण्याऐवजी पपेट, शेफ, सॉल्ट, अन्सिबल यांसारख्या संरचना-व्यवस्थापन साधनांकडून करून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीतील एका वरकरणी किरकोळ, परंतु परिणामांच्या दृष्टीने गंभीर प्रश्नाचा विचार केला आहे. एखादा लांबलचक मार्ग साधनाला सांगितला असता शेवटची डिरेक्टरी कोणाची हे सांगितलेले असते. वाटेतील मधल्या डिरेक्टऱ्या कोणाच्या, हे बहुधा सांगितलेले नसते. तेव्हा साधन काय करते?

उदाहरणादाखल एका महाविद्यालयाचा सामाईक सर्व्हर कल्पावा. सर्वांत वर ‘संग्रह’ ही डिरेक्टरी, तिच्यात १२ विभागांच्या १२ डिरेक्टऱ्या, प्रत्येक विभागात ६ सत्रांच्या ६, आणि प्रत्येक सत्रात ‘प्रश्नपत्रिका’, ‘प्रात्यक्षिके’, ‘टिपणे’ व ‘गुणपत्रके’ अशा ४. शेवटच्या पातळीवरील डिरेक्टऱ्यांची संख्या २८८ होते. कामाच्या दृष्टीने याच २८८ डोळ्यांसमोर असतात, कारण कागदपत्रे त्यांच्यातच राहतात. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी विभागांच्या १२ आणि सत्रांच्या ७२, अशा आणखी ८४ डिरेक्टऱ्या अस्तित्वात असाव्या लागतात. सदर विवेचन मुख्यतः या ८४ डिरेक्टऱ्यांविषयी आहे.

डिरेक्टरी ‘तयार करणे’ म्हणजे नेमके काय

डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी ही कल्पना संगणकाइतकी जुनी नाही. मल्टिक्स या प्रणालीसाठी आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात वृक्षासारख्या बहुपातळी रचनेचे सविस्तर वर्णन आढळते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स घडले तेव्हा ही कल्पना त्यात उतरली आणि पुढे लिनक्सपर्यंत आली.

युनिक्समध्ये डिरेक्टरी तयार करण्याच्या आज्ञेचे नाव ‘एमकेडिर’ असे आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही आज्ञा डिरेक्टरी प्रथम प्रशासकाच्या नावाने तयार करी आणि नंतर वेगळ्या पायरीने तिची मालकी वापरकर्त्याला देई. या दोन पायऱ्यांमधील क्षणाचा गैरफायदा घेता येत असे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत डिरेक्टरी तयार करणारी स्वतंत्र प्रणाली-हाक आली आणि ती फट बुजली. निर्माण करणे आणि मालकी देणे ही दोन कामे स्वभावतः वेगळी आहेत, हे मात्र या जुन्या गोष्टीवरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आजची साधनेही आधी डिरेक्टरी तयार करतात आणि मग मालक बदलतात.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, कार्यप्रणालीचा गाभा एका वेळी एकच पातळी तयार करतो. ‘संग्रह’मध्ये ‘संगणकशास्त्र’ नसताना त्यातील ‘सत्र-५’ तयार करावयास सांगितले तर गाभा नकार देतो. ‘एमकेडिर’ला ‘पी’ हा पर्याय जोडला की अख्खा मार्ग एका दमात तयार झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात ती आज्ञा वरून खाली एकेक पायरी उतरत, नसेल ती डिरेक्टरी तयार करीत जाते. मध्येच जागा संपली वा परवानगी नाकारली गेली तर तोवर तयार झालेल्या पायऱ्या तशाच मागे राहतात.

या आज्ञेला परवानगीचा आकडाही देता येतो. परंतु पॉझिक्स मानकानुसार तो आकडा केवळ शेवटच्या डिरेक्टरीला लागू होतो. मधल्या डिरेक्टऱ्यांना ‘युमास्क’ या पूर्वनिश्चित वजावटीनुसार परवानग्या मिळतात; मालकाला लिहिण्याची व प्रवेशाची मुभा तेवढी राखली जाते. युमास्क ०२२ असलेल्या सर्व्हरवर मधल्या डिरेक्टऱ्या ०७५५ होतात, म्हणजे सर्वांना वाट मोकळी राहते. सुरक्षेसाठी युमास्क ०७७ केलेल्या सर्व्हरवर त्याच आज्ञेने त्या ०७०० होतात आणि मालकावाचून कोणालाही आत शिरता येत नाही. एका सर्व्हरवर बिनतक्रार चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर अडते, तेव्हा कारण अनेकदा एवढेच असते.

डिरेक्टरीवरील परवानगीचा अर्थ

येथे थोडे थांबून डिरेक्टरीच्या परवानग्यांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण फाइलीच्या बाबतीतील अर्थ येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. वाचन, लेखन आणि प्रवेश या तीन परवानग्यांना अनुक्रमे ४, २ आणि १ हे अंक दिलेले असतात व त्यांची बेरीज मालक, गट आणि इतर या क्रमाने लिहिली जाते. डिरेक्टरीवरील वाचनाची परवानगी म्हणजे आतील नावांची यादी पाहण्याची मुभा. प्रवेशाची परवानगी म्हणजे तिच्यातून पलीकडे जाण्याची मुभा. आणि लेखनाची परवानगी (तिच्या जोडीला प्रवेशाचीही असली तर) म्हणजे आतील नावे बदलण्याची, नवी नावे घालण्याची व असलेली काढून टाकण्याची मुभा.

यातून दोन परिणाम संभवतात. मार्गातील एकाही डिरेक्टरीत प्रवेश नसेल, तर शेवटची डिरेक्टरी सर्वांना खुली असूनही व्यर्थ ठरते. ज्या वाड्याचा दिंडीदरवाजाच बंद आहे त्याच्या आतील खोल्या उघड्या असून काय उपयोग! दुसरा परिणाम अधिक चोरपावलांनी येतो. मधल्या डिरेक्टरीवर ज्याला लिहिता येते, त्याला तिच्या आतील डिरेक्टरीचे नाव बदलता येते, मग ती आतील डिरेक्टरी कोणाच्याही मालकीची असो आणि तिच्यावर कितीही कडक परवानग्या असोत. आत काय आहे ते त्याला दिसणार नाही. पण ‘प्रश्नपत्रिका’चे नाव बदलून त्याच ठिकाणी त्याच नावाची स्वतःची डिरेक्टरी मांडून ठेवण्यास त्याला काहीच अडचण नाही. पुढील प्रश्नपत्रिका कोणी शिक्षक सवयीने त्या नावाखाली जतन करतील, तर ती थेट त्याच्या हाती जाईल.

आज्ञा आणि वर्णन

संरचना-व्यवस्थापन साधनांची परंपरा १९९३ पासून सांगता येते. त्या वर्षी ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन हे साधन लिहिले. त्यानंतर २००५ मध्ये ल्यूक कॅनीस यांचे पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये टॉमस हॅच यांचे सॉल्ट आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचे अन्सिबल आले. पुढील काळात यांतील बहुतेक साधने मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात गेली. त्या व्यापारी इतिहासाशी येथे कर्तव्य नाही.

या साधनांमागील समान विचार असा की, संगणकाला कृती सांगू नये, अवस्था सांगावी. ‘ही डिरेक्टरी तयार कर’ ही आज्ञा झाली. ‘ही डिरेक्टरी अस्तित्वात असावी, तिचा मालक अमुक व परवानगी अमुक असावी’ हे वर्णन झाले. वर्णन हाती आले की साधन प्रत्यक्ष स्थिती पाहते आणि तफावत असेल तेवढीच भरून काढते. त्यामुळे तेच वर्णन दहा वेळा लागू केले तरी पहिल्या वेळेनंतर काही बदलत नाही. या गुणधर्मास आयडम्पोटन्स म्हणतात. हा शब्द संगणकशास्त्राचा नव्हे. अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये बीजगणितातील अशा घटकांसाठी तो योजला, जे स्वतःशी गुणले असता बदलत नाहीत. गणित विभागातील वाचकांना १ आणि ० ही त्याची सर्वांत साधी उदाहरणे म्हणून चटकन आठवतील.

‘पी’ पर्यायासह ‘एमकेडिर’ ही आज्ञाही वरवर पाहता अशीच वागते, कारण डिरेक्टरी आधीच असेल तर ती कुरकुर करीत नाही. म्हणूनच साधनाच्या आतून तीच आज्ञा चालवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु असलेल्या डिरेक्टरीचा मालक कोण आणि परवानगी काय, हे ती तपासत नाही. शिवाय साधनाला तिच्या पोटात काय घडले ते कळत नसल्याने, ‘ही गोष्ट आधीच असेल तर आज्ञा चालवू नये’ अशी अट वेगळी घातल्याखेरीज, प्रत्येक वेळी ‘बदल झाला’ अशीच नोंद होते. बदलांची नोंद खरी नसेल तर ती वाचण्यात अर्थ उरत नाही.

एकाच प्रश्नाची भिन्न उत्तरे

वर्णनाची पद्धत स्वीकारली तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. वर्णन शेवटच्या डिरेक्टरीचे आहे, मधल्यांचे नाही. या मौनाचा अर्थ प्रत्येक साधन निराळा लावते.

पपेटचे उत्तर सर्वांत कठोर आहे. वरची डिरेक्टरी अस्तित्वात नसेल तर पपेट खालची तयार करीत नाही. मातृडिरेक्टरी नाही असे सांगून थांबते. नव्या वापरकर्त्याला हा हट्ट वाटतो. परंतु त्यामागे एक तत्त्व आहे. पपेटच्या वर्णनात कोणतीही वस्तू एकदाच घोषित करता येते. एकाच डिरेक्टरीविषयी दोन ठिकाणी दोन विधाने आली तर पपेट ती स्वीकारत नाही. मधल्या डिरेक्टऱ्या न सांगता तयार होऊ लागल्या, तर ‘प्रश्नपत्रिका’ आणि ‘प्रात्यक्षिके’ या दोघींच्याही वतीने ‘सत्र-५’विषयी न बोललेली दोन विधाने निर्माण होतील आणि त्यांत विसंगती असेल तर निवाडा कोणी करायचा, हा प्रश्न उरेल. म्हणून प्रत्येक पातळी लिहा, असा पपेटचा आग्रह. लिहिण्याच्या क्रमाची चिंता मात्र त्याने स्वतःकडे घेतली आहे. मातृडिरेक्टरी वर्णनात कोठेही असली तरी ती आधी हाताळली जाते. पुष्कळ जण या आग्रहाला कंटाळून पुन्हा ‘एमकेडिर’ आज्ञेकडे वळतात आणि नेमके जे टाळायचे तेच ओढवून घेतात.

शेफमध्ये ‘रिकर्सिव्ह’ हा गुणधर्म चालू केला की मधल्या डिरेक्टऱ्या तयार होतात. मात्र मालक, गट आणि परवानगी केवळ शेवटच्या डिरेक्टरीला लागू होते, असे त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. मधल्या डिरेक्टऱ्या ज्याच्या नावाने शेफ चालतो त्याच्या, म्हणजे सामान्यतः प्रशासकाच्या, मालकीच्या होतात व त्यांची परवानगी युमास्क ठरवतो. हे ‘एमकेडिर’च्या जुन्या वागणुकीशी मिळतेजुळते आहे. सॉल्टमध्येही मधल्या डिरेक्टऱ्या हव्या असल्यास ‘मेकडर्स’ हा पर्याय मुद्दाम मागावा लागतो. तो नसेल तर काम अडते.

अन्सिबलने तिसरा मार्ग पत्करला. त्याच्या ‘फाइल’ मोड्यूलला मार्ग देऊन स्थिती ‘डिरेक्टरी’ सांगितली की मधल्या सर्व डिरेक्टऱ्या आपोआप तयार होतात आणि १.७ या आवृत्तीपासून त्यांना शेवटच्या डिरेक्टरीसाठी दिलेलीच परवानगी मिळते. हे सोयीचे वाटते. पण यातील ‘तयार होतात’ हा शब्द निर्णायक आहे. जी मधली डिरेक्टरी आधीपासून आहे, तिला अन्सिबल हात लावत नाही. म्हणजे तेच वर्णन कोऱ्या सर्व्हरवर एक रचना उभी करते आणि जुन्या सर्व्हरवर दुसरी. अंतिम अवस्था वर्णनावर नव्हे, तर सर्व्हरच्या पूर्वेतिहासावर अवलंबून राहते.

आपल्या उदाहरणात याचा परिणाम पाहावा. ‘प्रात्यक्षिके’ या डिरेक्टरीत विद्यार्थ्यांनी आपले काम ठेवावे म्हणून तिचा गट ‘विद्यार्थी’ आणि परवानगी २७७५ ठरवली आहे. यातील पहिला २ हा अंक सेट-जीआयडी चिन्हाचा. त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीला डिरेक्टरीचाच गट मिळतो. ‘प्रश्नपत्रिका’चा गट परीक्षा समितीचा व परवानगी २७७०. दोन्ही परवानग्या आपापल्या जागी योग्य आहेत. आता कोऱ्या सर्व्हरवर ‘प्रात्यक्षिके’चे काम आधी चालले, तर ‘संगणकशास्त्र’ आणि ‘सत्र-५’ या दोन्ही डिरेक्टऱ्या विद्यार्थी गटाच्या, २७७५ परवानगीच्या तयार होतील. त्यानंतर ‘प्रश्नपत्रिका’ अगदी हवी तशी, २७७० परवानगीची, तयार होईल. तपासणी करणारा तिच्याकडे पाहील आणि समाधान मानेल. परंतु तिच्या वरच्या पातळीवर प्रत्येक विद्यार्थ्याला लिहिण्याची मुभा आहे, आणि तिचे नाव बदलून तेथे दुसरी मांडण्याचा वर सांगितलेला मार्ग खुला आहे. कामांचा क्रम उलटा असता तर मधल्या डिरेक्टऱ्या परीक्षा समितीच्या होऊन इतरांसाठी बंद झाल्या असत्या, विद्यार्थ्यांना आपल्या प्रात्यक्षिकांपर्यंत पोहोचताच आले नसते आणि तासाभरात तक्रारी आल्या असत्या. पहिल्या प्रकारात तक्रार येत नाही, हीच त्यातील भीतीची गोष्ट आहे.

पुन्हा तेच वर्णन चालवले तर? अन्सिबल शेवटची डिरेक्टरी तपासेल, सर्व काही ठीक असल्याचे सांगेल आणि बदलांची संख्या शून्य दाखवील. मधल्या पातळ्यांविषयी वर्णनात काहीच नसल्याने त्यांची तपासणी होत नाही.

प्रत्येक पातळी लिहिणे

यावरचा उपाय तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे आणि तो मूलतः पपेटचाच आहे : अन्सिबल वापरतानाही प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे घोषित करावी. मार्ग, मालक, गट आणि परवानगी अशा चार रकान्यांची यादी तयार करून एकच काम त्या यादीवर फिरवता येते. अन्सिबल यादी दिलेल्या क्रमानेच घेते, म्हणून वरच्या डिरेक्टऱ्या आधी लिहाव्यात. विभाग व सत्र या पातळ्यांचा मालक प्रशासक, गट विभागातील शिक्षकांचा आणि परवानगी ०७५१ ठेवली, तर इतरांना आतील यादी दिसत नाही, पण माहीत असलेल्या नावापर्यंत जाता येते. लिहिण्याची मुभा प्रशासकावाचून कोणालाच नसल्याने नावे बदलण्याचा मार्ग बंद होतो.

३७२ ओळी हाताने लिहिण्याची गरज नाही. विभागांची यादी एक, सत्रांची एक, शेवटच्या चार नावांची एक, अशा तीन याद्यांच्या गुणाकारातून सर्व मार्ग निर्माण करता येतात. नवा विभाग सुरू झाला तर एक ओळ वाढते आणि ३१ डिरेक्टऱ्या योग्य मालकीसह उभ्या राहतात. एखाद्याला वाटेल की नमुन्यादाखल रिकामी रचना एकदा तयार करून ती गिट या आवृत्ती-नोंद प्रणालीत ठेवावी व तेथून उतरवून घ्यावी. पण गिट रिकाम्या डिरेक्टरीची नोंदच ठेवत नाही, आणि मालकी तर मुळीच नाही. मजकुराच्या रूपातील यादी हीच खरी नोंद होय. ती विभागप्रमुखांना वाचून दाखवता येते, हा तिचा आणखी एक लाभ.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे द्याव्या लागतात. पहिली परवानगीच्या आकड्याविषयी. हा आकडा अष्टमान पद्धतीचा असतो. अन्सिबलच्या वर्णनात तो अवतरणचिन्हांत लिहिला नाही किंवा त्याच्या आधी शून्य दिले नाही, तर तो दशमान समजला जातो. दशमान ७५५ म्हणजे अष्टमान १३६३, आणि दशमान २७७० म्हणजे अष्टमान ५३२२. पहिल्या प्रकारात मालकालाच वाचता येत नाही. दुसऱ्यात सेट-जीआयडी चिन्ह नाहीसे होऊन भलतीच चिन्हे चिकटतात. चूक दाखवणारा संदेश येत नाही, कारण १३६३ हीदेखील नियमाने वैध परवानगी आहे.

दुसरी सूचना ‘रिकर्स’ या पर्यायाविषयी. मधल्या डिरेक्टऱ्या तयार होण्यासाठी तो लागतो असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. हा पर्याय वर नव्हे, खाली काम करतो : डिरेक्टरीच्या आतील प्रत्येक फाइलीची मालकी व परवानगी बदलून टाकतो. सत्राच्या मध्यावर ‘प्रात्यक्षिके’वर तो चालवला, तर शेकडो विद्यार्थ्यांच्या फाइली एका मालकाच्या नावावर जातात आणि कोणाचे काम कोणते याचा एक पुरावा पुसला जातो. काही बदल करण्यापूर्वी अन्सिबलच्या ‘चेक’ मोडमध्ये वर्णन चालवून, काय बदलणार आहे ते आधी पाहावे. या एका सवयीने पुष्कळ अनर्थ टळतात.

न जोडलेली डिस्क

मधल्या डिरेक्टऱ्या आपोआप तयार करण्याच्या सोयीचा आणखी एक तोटा साठवण-व्यवस्थेत दिसतो. ‘संग्रह’ ही प्रत्यक्षात वेगळी डिस्क असते व ती त्या नावाच्या डिरेक्टरीवर जोडलेली असते. वीज जाऊन आल्यावर काही कारणाने ती जोडली गेली नाही आणि त्याच वेळी साधन चालले, तर ‘संग्रह’ नावाची रिकामी डिरेक्टरी सापडते, आणि साधन मुकाट्याने संपूर्ण वृक्ष सर्व्हरच्या मुख्य डिस्कवर उभा करते. वापरकर्ते त्यात फाइली ठेवतात. नंतर डिस्क जोडली जाते आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. नष्ट झालेल्या नसतात, पण दिसत नाहीत. यासाठी डिस्कच्या आत एक मूळ डिरेक्टरी एकदाच हाताने तयार करून ठेवावी व ती आढळली तरच पुढचे काम व्हावे, अशी अट घालावी. येथे पपेटचा नकार उपकारक ठरतो : मूळ डिरेक्टरी वर्णनात न घेता तिच्याखालची घेतली, तर डिस्क नसताना ते आपोआप थांबते.

प्रयोगशाळांत अनेक संगणकांना एकच डिरेक्टरी एनएफएस या जाळे-पद्धतीने दिलेली असेल, तर प्रत्येक संगणकावरून ती रचना उभारण्याचा खटाटोप करू नये. एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत दूरच्या प्रशासकाला सामान्य अनामिक वापरकर्ता मानले जाते, आणि त्यामुळे मालकी बदलण्याचे काम नाकारले जाते. हे काम ज्या सर्व्हरवर डिस्क आहे त्याच सर्व्हरवर, एकदाच, व्हावे.

देवनागरी नावांचा प्रश्न

वरील उदाहरणात नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षातही लिनक्स ती स्वीकारते, परंतु दोन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली लांबीची. लिनक्सवरील सर्वसाधारण फाइल-व्यवस्थेत एका नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘प्रश्नपत्रिका’ या शब्दात अशी १३ चिन्हे, म्हणजे ३९ बाइट होतात. एका नावात ८५ चिन्हे मावतात. कार्यालयीन परिपत्रकाचा अख्खा विषय डिरेक्टरीचे नाव म्हणून देण्याची सवय असलेल्यांना ही मर्यादा सहज आडवी येते.

दुसरी मर्यादा खास मराठीची आहे आणि स्वयंचलनाच्या दृष्टीने ती अधिक घातक आहे. ‘कर्मचाऱ्यांची_पत्रे’ या नावातील अर्धा ‘ऱ’ संगणकावर तीन प्रकारे लिहिला गेलेला आढळतो : एकसंध ‘ऱ’ व हलन्त; ‘र’, त्याखाली नुक्ता व हलन्त; किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्स मात्र नावाकडे बाइटांची मालिका म्हणूनच पाहते, म्हणून तिच्या लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. एकाने एका कळफलकावरून यादी लिहिली व दुसऱ्याने दुसऱ्यावरून सुधारली, तर ‘ही डिरेक्टरी आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळून शेजारी हुबेहूब तशीच दुसरी डिरेक्टरी उभी राहते. अर्धी पत्रे एकीत, अर्धी दुसरीत. युनिकोडच्या सामान्यीकरण-नियमांनी पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. ‘डिरेक्टऱ्या’ या शब्दातच हे अक्षर आहे, हा योगायोग मजेशीर खरा. नावे रोमन लिपीत ठेवणे हा बहुतेकांनी स्वीकारलेला तोडगा आहे व त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. देवनागरीच हवी असेल, तर प्रत्येक नाव यादीत एकदाच टंकित करावे आणि अन्यत्र त्या यादीतूनच घ्यावे.

डिरेक्टरी काढून टाकणे

वर्णनातून ओळ काढली म्हणजे सर्व्हरवरील डिरेक्टरी जाते, असा गैरसमज होण्याचा संभव आहे. तसे होत नाही. जिच्याविषयी वर्णन बोलत नाही तिला साधन हात लावत नाही. बंद झालेल्या विभागाची डिरेक्टरी वर्षानुवर्षे तशीच राहते. ती जावी असे वाटत असेल तर ‘नसावी’ अशी अवस्था घोषित करावी लागते. येथेही साधनांचे स्वभाव जुळत नाहीत. पपेट डिरेक्टरी काढण्यासाठी ‘फोर्स’ हा वेगळा गुणधर्म मागते. शेफ भरलेली डिरेक्टरी ‘रिकर्सिव्ह’ सांगितल्यावाचून काढत नाही. अन्सिबलमध्ये मात्र स्थिती ‘अनुपस्थित’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. डिरेक्टरी आतील सर्व मजकुरासह, काहीही न विचारता, काढली जाते. तयार करताना जो मार्ग एक पातळी अलीकडे तुटला तर फार तर एखादी डिरेक्टरी कमी होते, तोच मार्ग काढताना ‘सत्र-५’पाशी तुटण्याऐवजी ‘संगणकशास्त्र’पाशी तुटला, तर सहाही सत्रांची प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिके, टिपणे व गुणपत्रके एका ओळीने जातात. सत्राचे नाव ज्या चलातून यावयाचे तो चल चुकून रिकामा राहिला तरी नेमके हेच घडते, कारण मार्गातील शेवटचा तुकडा गळून मागे विभागाचेच नाव उरते. त्यामुळे काढण्याचे काम तयार करण्याच्या यादीत मिसळू नये. ते वेगळ्या वर्णनात, पूर्ण मार्ग अक्षरशः लिहून, प्रत ठेवल्यानंतर आणि विभागप्रमुखांच्या लेखी संमतीने चालवावे.